एकच नाका, दोन नियम : मुलुंडमध्ये प्रत्येक फ्लॅटला पार्किंग, ठाण्यात दोन फ्लॅटना मिळून एक, असे का?

ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल बंद झाला. मुलुंड चेकनाक्यावरून लाल बहादूर शास्त्री मार्गाने ठाण्यात शिरताना आता थांबावे लागत नाही. एका बाजूला मुंबई महापालिका, दुसऱ्या बाजूला ठाणे महापालिका. रस्ता तोच, रिक्षांची गर्दी तीच, इमारतीही साधारण सारख्याच दिसतात. टोल गेला, पण हद्द मात्र जागेवर आहे. ती कुठे दिसते? इमारतीच्या गेटमधून आत गेल्यावर, पार्किंगमध्ये.

साडेसातशे चौरस फूट चटई क्षेत्राचा फ्लॅट मुलुंडच्या बाजूला घेतला, तर नियमानुसार बिल्डरला त्या फ्लॅटमागे एका गाडीची जागा द्यावी लागते. तेवढाच फ्लॅट नाका ओलांडून ठाण्यात घेतला, तर मूळ तक्त्यानुसार दोन फ्लॅटना मिळून एका गाडीची जागा पुरते. म्हणजे दोन शेजाऱ्यांपैकी एकाची गाडी आत आणि दुसऱ्याची रस्त्यावर.

हा फरक आतापर्यंत सोसायटीच्या वार्षिक सभेतल्या भांडणापुरता होता. मात्र 'पार्किंगची जागा नसेल तर नवीन गाडीची नोंदणी नाही' अशी घोषणा राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी केल्यापासून प्रश्न बदलला आहे. उद्या खरोखर असा नियम आला, तर गाडी घेता येईल की नाही हे तुमच्या पगाराइतकेच तुमचा फ्लॅट नाक्याच्या कोणत्या बाजूला आहे यावरही ठरेल. म्हणूनच हे दोन नियम नेमके काय आहेत, ते समजून घेऊ.

दोन नियमावल्या का?

पूर्वी राज्यातल्या जवळपास प्रत्येक महापालिकेची विकास नियंत्रण नियमावली वेगळी होती. ठाण्याची वेगळी, पुण्याची वेगळी, नागपूरची वेगळी. एकाच बिल्डरला दोन शहरांत काम करायचे तर दोन पुस्तके चाळावी लागत. हा गोंधळ मिटवण्यासाठी राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये 'एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली' लागू केली. बांधकाम क्षेत्रात तिला 'यूडीसीपीआर' म्हणतात. ठाणे, मीरा-भाईंदर, कल्याण-डोंबिवली, पुणे, पिंपरी-चिंचवड अशा बहुतेक महापालिका तिच्याखाली आल्या.

बृहन्मुंबई महापालिका मात्र तिच्यातून वगळली गेली. एमआयडीसी आणि नवी मुंबई विमानतळ प्रभावक्षेत्र म्हणजे 'नैना' यांसारखी काही क्षेत्रेही बाहेर राहिली. मुंबईचा २०१४ ते २०३४ या काळासाठीचा विकास आराखडा आणि त्यासोबतची नियमावली २०१८ मध्येच मंजूर झाली होती. तिला 'डीसीपीआर २०३४' म्हणतात.

त्यामुळे राज्याचे नियम एकत्र झाले, तरी मुंबईच्या वेशीवर दोन पुस्तके समोरासमोर उभी आहेत. मुलुंड-ठाणे आणि दहिसर-मीरा रोड ही त्याची दोन ठळक ठिकाणे.

मुंबईचा नियम काय सांगतो?

डीसीपीआर २०३४ मध्ये निवासी इमारतींसाठी चटई क्षेत्रानुसार चार पायऱ्या आहेत.

• ४५ चौरस मीटरपर्यंत (सुमारे ४८४ चौरस फूट) : चार फ्लॅटमागे एक जागा
• ४५ ते ६० चौरस मीटर (सुमारे ६४६ चौरस फुटांपर्यंत) : दोन फ्लॅटमागे एक जागा
• ६० ते ९० चौरस मीटर (सुमारे ९६९ चौरस फुटांपर्यंत) : प्रत्येक फ्लॅटमागे एक जागा
• ९० चौरस मीटरपेक्षा मोठा : प्रत्येक फ्लॅटमागे दोन जागा

ठाण्याचा नियम काय सांगतो?

यूडीसीपीआरमध्येही आधार चटई क्षेत्राचाच आहे, पण पायऱ्यांची उंची वेगळी. मुख्य टप्पे असे आहेत.

• ३० चौरस मीटरपेक्षा लहान (सुमारे ३२३ चौरस फुटांखाली) : चारचाकीसाठी जागा बंधनकारक नाही, फक्त दुचाकी
• ४० ते ८० चौरस मीटर (सुमारे ४३१ ते ८६१ चौरस फूट) : दोन फ्लॅटमागे एक चारचाकी
• ८० ते १५० चौरस मीटर (सुमारे १,६१५ चौरस फुटांपर्यंत) : प्रत्येक फ्लॅटमागे एक चारचाकी
• १५० चौरस मीटर आणि त्याहून मोठा : प्रत्येक फ्लॅटमागे दोन चारचाकी

इथे दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. एक, यूडीसीपीआरच्या तक्त्यात दुचाकींसाठी स्वतंत्र रकाना आहे. मुंबईची शिडी प्रामुख्याने चारचाकीच्या जागा मोजते. दोन, यूडीसीपीआर संपूर्ण राज्यासाठी असल्याने शहरानुसार एक गुणक दिलेला आहे. तक्त्यातून निघालेल्या आकड्याला त्या-त्या नियोजन प्राधिकरणाच्या गुणकाने गुणायचे आणि मग अंतिम संख्या काढायची. त्यामुळे बिल्डरने किंवा ब्रोकरने फक्त तक्ता दाखवला तर तो अर्धाच हिशेब असतो. पुढची तुलना गुणक लावण्याआधीच्या मूळ आकड्यांची आहे.

पाहुण्यांच्या गाड्यांसाठीची जागा दोन्हीकडे वेगळी धरावी लागते. तीही या तुलनेत घेतलेली नाही.

४० फ्लॅटची इमारत : नाक्याच्या दोन्ही बाजूंचा हिशेब

समजा, एकसारख्या ४० फ्लॅटची एक इमारत आहे. ती आधी मुलुंडमध्ये ठेवू, मग उचलून ठाण्यात. चारचाकीच्या किती जागा बंधनकारक होतात?

• ३०० चौरस फुटांचे फ्लॅट : मुलुंडमध्ये १०, ठाण्यात एकही नाही
• ४५० चौरस फुटांचे फ्लॅट : मुलुंडमध्ये १०, ठाण्यात २०
• ५५० चौरस फुटांचे फ्लॅट : मुलुंडमध्ये २०, ठाण्यात २०
• ७५० चौरस फुटांचे फ्लॅट : मुलुंडमध्ये ४०, ठाण्यात २०
• १,००० चौरस फुटांचे फ्लॅट : मुलुंडमध्ये ८०, ठाण्यात ४०
• १,७०० चौरस फुटांचे फ्लॅट : मुलुंडमध्ये ८०, ठाण्यात ८०

'मुंबईत जागा कमी, म्हणून पार्किंग कमी. ठाण्यात मोकळे, म्हणून पार्किंग जास्त' असा सर्वसाधारण समज असतो. आकडे तसे सांगत नाहीत. साडेचारशे फुटांच्या छोट्या वन बीएचकेत ठाण्याचा नियम उदार आहे. साडेपाचशे फुटांवर दोन्ही बरोबरीत येतात. मध्यमवर्गीय टू बीएचके म्हणजे साडेसातशे फुटांच्या आसपास आले, की पारडे फिरते आणि मुंबईचा आकडा दुप्पट होतो. फ्लॅट फारच मोठा असेल तर पुन्हा बरोबरी.

म्हणजे फरक सर्वात जास्त टोचतो तो ६० ते १५० चौरस मीटरच्या टप्प्यात. मुलुंडच्या वन बीएचकेतून 'थोडे मोठे घर हवे' म्हणून नाका ओलांडणारी कुटुंबे नेमक्या याच टप्प्यात येतात. घर मोठे होते, पण नियमाने मिळणारी पार्किंगची शक्यता त्याच प्रमाणात वाढत नाही.

अर्थात, हे किमान आकडे आहेत. बिल्डर यापेक्षा जास्त पार्किंग देऊ शकतो आणि अनेक मोठ्या प्रकल्पांत देतोही. पुनर्विकास आणि झोपडपट्टी पुनर्वसन योजनांना वेगळ्या तरतुदी आणि सवलती लागू होतात. इमारत जुनी असेल तर ज्या वर्षी नकाशा मंजूर झाला, त्या वर्षीचे नियम पाहावे लागतात. मुंबईत २०१८ च्या आधी १९९१ ची नियमावली होती. त्यामुळे शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोन इमारतींतही पार्किंगचे गणित वेगळे असू शकते.

एक गाडी नेमकी किती जागा खाते?

दोन्ही नियमावल्यांमध्ये लहान गाडीसाठी २.३ मीटर रुंद आणि ४.५ मीटर लांब अशी जागा चालते. मोठ्या गाडीसाठीची रुंदी २.५ मीटर. कागदावर हे पुरेसे वाटते. आता टेप घेऊन बघू.

मारुती स्विफ्ट सुमारे ३.८६ मीटर लांब आहे. ती लहान जागेत आरामात मावते. ह्युंदाई क्रेटा सुमारे ४.३३ मीटर, म्हणजे जेमतेम. महिंद्रा एक्सयूव्ही ७०० सुमारे ४.७ मीटर लांब आणि १.८९ मीटर रुंद. ती लहान जागेतून पुढे किंवा मागे सुमारे २० सेंटिमीटर बाहेर येते आणि दोन्ही दारे उघडण्यासाठी मिळून ४१ सेंटिमीटर उरतात. शेजारी खांब असेल तर चालकाला दुसऱ्या बाजूच्या दाराने उतरण्याची कसरत करावी लागते. गेल्या दहा वर्षांत गाड्या रुंद झाल्या, पार्किंगचे पांढरे पट्टे मात्र तिथेच राहिले.

आणि गाडीला फक्त उभे राहण्याची जागा पुरत नाही. आत येण्याचा रस्ता, वळण, रॅम्प हे सगळे धरावे लागते. देशातल्या नगररचनेत त्यासाठी एका कारमागे ठोकताळा वापरला जातो : उघड्या जागेत २३, तळमजल्यावर आच्छादित असेल तर २८ आणि तळघरात ३२ चौरस मीटर.

यातला २८ चौरस मीटरचा आकडा मुंबईकरांना ओळखीचा वाटेल. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत मिळणारे घर २७.८८ चौरस मीटरचे, म्हणजे ३०० चौरस फुटांचे असते. स्टिल्टमधली एक गाडी, येण्या-जाण्याच्या वाटेसह, एका कुटुंबाच्या घराएवढी जागा घेते.

पार्किंगवरचा वाद इतका अवघड का आहे, हे या एका तुलनेतून कळते.

मग जास्त पार्किंग देणारा नियम चांगला?

उत्तर सरळ नाही. पार्किंग कमी ठेवले तर गाड्या रस्त्यावर येतात. घोडबंदर रोडच्या आतल्या गल्ल्या असोत की मुलुंड पश्चिमेचे जुने रस्ते, रात्री दोन्ही बाजूंनी गाड्यांची रांग लागते आणि मधून रुग्णवाहिका कशीबशी जाते.

पार्किंग जास्त ठेवले तर खर्च वाढतो. तळमजल्याच्या वर पोडियमचे चार-पाच मजले फक्त गाड्यांसाठी बांधावे लागतात. त्याचे सिमेंट, पोलाद, लिफ्ट, अग्निशमन यंत्रणा या सगळ्याचा भार शेवटी घराच्या किमतीवर पडतो. ज्याच्याकडे गाडी नाही, तोही त्यात वाटेकरी होतो.

अमेरिकेतले नगररचनातज्ज्ञ डोनाल्ड शूप यांनी २००५ मध्ये 'द हाय कॉस्ट ऑफ फ्री पार्किंग' या पुस्तकात नेमका हाच मुद्दा मांडला होता. त्यानंतर तिथल्या काही शहरांनी किमान पार्किंगची सक्ती काढून टाकली. बफेलो शहराने २०१७ मध्ये, मिनियापोलिसने २०२१ मध्ये. कॅलिफोर्निया राज्याने २०२३ पासून मोठ्या सार्वजनिक वाहतूक स्थानकापासून अर्ध्या मैलाच्या आत ही सक्ती जवळपास बंद केली. स्टेशन जवळ असेल तर गाडीची गरज कमी, असा त्यामागचा विचार.

पण मुंबई-ठाण्यात 'स्टेशनजवळ' राहणाऱ्यांकडेही गाडी असते. ती रविवारी निघते आणि सोमवार ते शनिवार उभी असते. आणि उभ्या गाडीलाच जागा लागते.

गाडीआधी पार्किंग : घोषणा काय आहे?

ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर एक जनहित याचिका आली. नवी मुंबईतल्या एका रहिवाशाने यूडीसीपीआरमधील पार्किंग कमी करणाऱ्या तरतुदींना आव्हान दिले होते. तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांच्या खंडपीठाने सुनावणीदरम्यान स्पष्ट शब्दांत मत व्यक्त केले : पुरेशी पार्किंगची जागा नसताना, केवळ परवडते म्हणून एका कुटुंबाला चार-पाच गाड्या घेऊ देता कामा नये.

मे २०२५ मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी त्याच दिशेने पुढचे पाऊल जाहीर केले. संबंधित महापालिकेकडून पार्किंगच्या जागेचे प्रमाणपत्र आणले नाही, तर नवीन वाहनाची नोंदणी होणार नाही, असे ते म्हणाले. सरनाईक यांचा ओवळा-माजिवडा मतदारसंघ नाक्याच्या ठाण्याकडच्या बाजूला, म्हणजे यूडीसीपीआरच्या हद्दीत आहे.

ही कल्पना जपानमधून ओळखीची आहे. तिथे १९६२ च्या कायद्यानुसार गाडी घेण्याआधी घरापासून दोन किलोमीटरच्या आत हक्काची पार्किंगची जागा असल्याचा दाखला पोलिसांकडून घ्यावा लागतो. जागा स्वतःची असो की भाड्याची, ती दाखवावी लागते. पण जपानने रात्रभर रस्त्यावर गाडी उभी करण्यावरही कडक बंधने घातली आणि भाड्याच्या पार्किंगचा मोठा बाजार उभा राहिला. दाखल्याची सक्ती एकटी आली नाही.

आपल्याकडे घोषणेपासून नियमापर्यंत अंतर असते. प्रमाणपत्र देणार कोण, सोसायटीचे पत्र चालणार का, भाड्याच्या घरात राहणाऱ्याचे काय, दुचाकीला सूट असणार का, या सगळ्याची उत्तरे अधिसूचनेत लेखी यावी लागतात. तोपर्यंत शोरूममध्ये कोणी तसा कागद मागितला, तर 'कोणत्या अधिसूचनेनुसार?' हे विचारण्याचा हक्क ग्राहकाला आहे.

मात्र असा नियम आला, तर वरच्या ४० फ्लॅटच्या हिशेबाला वेगळाच अर्थ येईल. साडेसातशे फुटांच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मुलुंडच्या ४० कुटुंबांपैकी सगळ्यांना प्रमाणपत्र मिळू शकेल. ठाण्याच्या तशाच इमारतीत, बिल्डरने किमान तेवढेच पार्किंग दिले असेल, तर २० कुटुंबांना मिळेल. उरलेल्या २० कुटुंबांनी नियम मोडलेला नसेल. ती फक्त नाक्याच्या पलीकडे राहत असतील.

नाका ओलांडला तरी न बदलणारे नियम कोणते?

सगळेच वेगळे आहे असे नाही. पार्किंगची विक्री, सोसायटीतले वाटप आणि गेटसमोरच्या गाड्या याबाबतचे कायदे दोन्ही बाजूंना सारखेच लागू आहेत.

*उघडे पार्किंग विकता येत नाही.* रेरा कायद्यानुसार उघडी पार्किंगची जागा ही सामाईक जागा आहे. छत आणि तीन बाजूंना भिंती असलेल्या जागेलाच कायदा 'गॅरेज' म्हणतो. उघड्या पार्किंगसाठी पैसे घेता येणार नाहीत, असे महारेराने जुलै २०२१ च्या परिपत्रकातही स्पष्ट केले.

*स्टिल्टचा निकाल वेशीवरूनच आला.* इमारतीखालच्या खांबांमधली जागा बिल्डर वेगळी विकू शकतो का, हा वाद दहिसर पूर्वेच्या आनंदनगरातील पांचाली सोसायटीतून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ३१ ऑगस्ट २०१० रोजी न्यायालयाने सांगितले की महाराष्ट्राच्या १९६३ च्या मोफा कायद्यानुसार स्टिल्टमधली उघडी जागा म्हणजे गॅरेज नव्हे. बिल्डरला ती स्वतंत्र विकता येणार नाही. नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या नावाने हा निकाल ओळखला जातो. रेरापूर्वीच्या इमारतींत राहणाऱ्यांना आजही त्याचा आधार मिळतो.

*करारात मापे हवीत.* खांब आडवा येतो, गाडी आत जात नाही, दार उघडत नाही, अशा तक्रारी वाढल्यावर महारेराने एप्रिल २०२४ मध्ये आदेश काढला. आच्छादित पार्किंगची लांबी, रुंदी, उंची आणि इमारतीतले नेमके ठिकाण हे वाटपपत्र आणि विक्री करारासोबतच्या परिशिष्टात लिहिणे बंधनकारक झाले.

*सोसायटी पार्किंगची मालकी देत नाही.* गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये ७८ क्रमांकापासून पुढे पार्किंगचे नियम आहेत. साधारणपणे एका सभासदाला एकच जागा. जागा शिल्लक असेल तरच दुसरी आणि तीही वर्षापुरती. जागा कमी आणि सभासद जास्त असतील तर चिठ्ठ्या टाकून वाटप. 'मी आधी राहायला आलो' किंवा 'मी तीन गाड्यांचे शुल्क भरतो' या मुद्द्यांवर कायमचा हक्क मिळत नाही.

गेटसमोरची जागा कोणाची?

सोसायटीच्या गेटपासून रस्त्यापर्यंतचा उतार सोसायटी वापरते, पण बाहेरचा पदपथ आणि रस्ता महापालिकेचा असतो. त्यामुळे गेटबाहेर कुंड्या, दगड, टायर किंवा साखळी लावून 'फक्त सभासदांसाठी' अशी जागा राखता येत नाही. मुलुंडमध्येही नाही, ठाण्यातही नाही. सोसायटीने स्वतः रंगवलेल्या 'नो पार्किंग'च्या पाटीने रस्त्याचा तो भाग अधिकृत नो पार्किंग क्षेत्र बनत नाही. त्यासाठी वाहतूक पोलिसांची अधिसूचना लागते.

पण याची दुसरी बाजूही आहे. कोणाच्याही गेटसमोर, येण्या-जाण्याची वाट अडेल अशी गाडी उभी करणे हा केंद्राच्या वाहतूक नियमांनुसार गुन्हा आहे. तिथे पाटी असो वा नसो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ नुसार पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा तेच केल्यास १,५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रार मात्र योग्य ठिकाणी करावी लागते. मुलुंडमध्ये मुंबई वाहतूक पोलीस, ठाण्यात ठाणे आयुक्तालयाची वाहतूक शाखा, तर दहिसर नाका ओलांडल्यावर ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेले मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय.

इमारतीच्या आतल्या वाटेबद्दलही एक गोष्ट महत्त्वाची. उंच इमारतीभोवती अग्निशमन दलाच्या गाडीसाठी साधारण सहा मीटरची वाट मोकळी ठेवावी लागते. पार्किंग कमी पडले की सोसायट्या याच वाटेवर पट्टे मारून 'तात्पुरत्या' जागा तयार करतात. मंजूर नकाशात नसलेली ही जागा ना कायदेशीर पार्किंग ठरते, ना आग लागल्यावर बंबाला आत येऊ देते. उद्या प्रमाणपत्राचा नियम आला तर अशा जागेचा उपयोग होण्याची शक्यता नाही.

घर घेताना काय तपासाल?

फ्लॅट मुलुंडचा असो, ठाण्याचा किंवा मीरा रोडचा, टोकन देण्याआधी हे सात प्रश्न विचारा.

१. मंजूर नकाशावरचा पार्किंगचा तक्ता दाखवा. किती जागा आवश्यक, किती प्रस्तावित?

२. एकूण फ्लॅट किती आणि चारचाकीच्या जागा किती? हे प्रमाण स्वतः काढा. 'भरपूर पार्किंग आहे' या उत्तरावर थांबू नका.

३. त्यातल्या यांत्रिक म्हणजे स्टॅक पार्किंगच्या जागा किती? खालची गाडी काढल्याशिवाय वरची निघते का? देखभालीचा खर्च कोण देणार?

४. तुम्हाला देऊ केलेली जागा उघडी, आच्छादित की गॅरेज? उघडी असेल तर तिचे पैसे कशाचे?

५. करारातल्या परिशिष्टात लांबी, रुंदी, उंची आणि जागेचा क्रमांक आहे का?

६. तुमची गाडी त्यात मावते का? नमुना फ्लॅट पाहता तसे पार्किंगही पाहा. टेप सोबत न्या.

७. जुना फ्लॅट असेल तर सोसायटीचा पार्किंगचा ठराव मागा. विकणाऱ्याचे पार्किंग तुमच्या नावावर आपोआप होईल असे गृहीत धरू नका.

महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या नोंदणी क्रमांकाने शोधल्यास मंजूर नकाशे आणि पार्किंगची माहिती पाहता येते. घरबसल्या होणारे हे काम आहे.

थोडक्यात

मुंबई आणि तिच्या शेजारच्या महापालिका पार्किंगचे मोजमाप वेगवेगळ्या फुटपट्टीने करतात. लहान घरांमध्ये कधी मुंबई पुढे, कधी ठाणे. मध्यम घरांमध्ये मुंबईचा किमान आकडा ठाण्याच्या दुप्पट. राज्य सरकारला गाडीची नोंदणी पार्किंगशी जोडायची असेल, तर त्याआधी ही फुटपट्टी नाक्याच्या दोन्ही बाजूंना जुळवावी लागेल किंवा निदान फरक का ठेवला आहे हे सांगावे लागेल. नाहीतर टोल बंद झालेल्या नाक्यावर एक नवा टोल सुरू होईल. तो पैशात द्यावा लागणार नाही, इतकेच.